गाडीची साक्ष आणि मिस्त्रीचा प्रश्न : रिसोडच्या निमित्ताने मोटारनिदानाच्या इतिहासावर एक टिपण

रिसोड हे वाशिम जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. त्याचे जुने नाव ऋषिवट असे सांगितले जाते. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत ते अकोला जिल्ह्यात मोडत असे. गावाला रेल्वे नाही. वाशिमचे स्थानक चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर, अकोला शंभराच्या आसपास. पश्चिमेस लोणार, वायव्येस मेहकर, दक्षिणेस सेनगाव. या सर्व दिशांना जावयाचे तर रस्त्यानेच जावे लागते. सोयाबीन आणि तूर बाजारात येते ती टेम्पो-ट्रॅक्टरमधून, आणि रुग्ण वाशिमला वा अकोल्याला नेला जातो तो जीपगाडीतून. अशा गावी मोटार बंद पडणे ही केवळ मालकाची गैरसोय नसते. म्हणूनच बंद पडलेल्या गाडीचा दोष कोणी, कशाच्या आधारे आणि किती दूर जाऊन शोधावयाचा, हा प्रश्न येथे शहरापेक्षा अधिक तीव्रतेने उभा राहतो.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या प्रश्नाचे उत्तर पार बदलले. पूर्वी मिस्त्री गाडीला कान लावी. आता तो गाडीला स्कॅनर लावतो. हा बदल यंत्रविद्येच्या प्रगतीचा एक सामान्य टप्पा म्हणून सांगून सोडून देण्याची प्रथा आहे. प्रस्तुत टिपणाचे म्हणणे थोडे वेगळे आहे. निदानाचे हे नवे साधन स्वतंत्र मिस्त्रीच्या हाती आले ते कारखानदारांनी दिले म्हणून आले नाही. ते हवेच्या शुद्धतेसाठी केलेल्या नियमांतून, जवळजवळ अनवधानाने, त्याच्यापर्यंत पोहोचले. आणि तो नियम जेवढ्या अंशापुरता होता तेवढ्याच अंशापुरते ते त्याच्या हाती राहिले. उरलेल्या अंशाचे काय, हा वाद अद्याप चालू आहे, आणि त्याचा निकाल रिसोडसारख्या गावांतील गॅरेजांच्या भवितव्याशी निगडित आहे.

प्रथम कानाच्या काळाविषयी. त्या काळचे निदान अडाणी होते असा समज शिक्षित वर्गात आढळतो. तो बरोबर नाही. इंजिन ‘मिसिंग’ करीत असेल तर मिस्त्री चालत्या इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून काढी. जी वायर काढताच इंजिनाचा सूर पडे तो सिलिंडर निरोगी. जी काढूनही सूर तसाच राही तो सिलिंडर आधीपासूनच निकामी. डिझेलच्या गाडीत हेच काम नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट किंचित सैल करून होई. ही शुद्ध प्रायोगिक पद्धत आहे : एक घटक वगळावयाचा आणि परिणाम पाहावयाचा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या अंगावर टेकवून मूठ कानाशी धरली की टॅपेट वाजतो की बेअरिंग, हे कळे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त, निळा म्हणजे ऑइल जळते, पांढरा म्हणजे पाणी आत शिरते किंवा डिझेल न जळताच बाहेर पडते. काढलेल्या प्लगच्या टोकाचा रंग पाहून मिश्रणाचा अंदाज बांधला जाई. पंप आणि नोझल यांचे अचूक काम मात्र परीक्षणयंत्रावरच होऊ शके आणि त्यासाठी मोठ्या गावी जावे लागे. म्हणजे त्या काळीही परावलंबन होतेच. पण ते एका ठरावीक कामापुरते होते, आणि ते काम करणारा मनुष्य कोणाचा अधिकृत प्रतिनिधी असण्याची आवश्यकता नव्हती.

या विद्येचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ती लवकर जुनी होत नसे. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेली फियाट पुढे पद्मिनी या नावाने शतक संपत येईपर्यंत निघत राहिली, आणि तिच्या अंतरंगात मूलभूत फरक असा झालाच नाही. टाटांनी १९५४ साली डाइमलर-बेन्झच्या सहकार्याने काढलेल्या ट्रकांच्या घराण्याचीही गोष्ट थोडीफार तशीच. उमेदवारीच्या वयात उस्तादाकडून शिकलेली गोष्ट मिस्त्रीला उतारवयापर्यंत पुरे. परवाना-पद्धतीच्या अर्थव्यवस्थेवर आपण नेहमी टीका करतो आणि ती बहुतांशी योग्यही आहे. परंतु गावोगावच्या मिस्त्र्यांचे जे एक पक्के, सर्वत्र चालणारे ज्ञान त्या काळी तयार झाले, त्याला नमुने न बदलण्याची ही अनिष्ट प्रथाच कारण झाली, हेही नमूद केले पाहिजे.

इतिहासाच्या अभ्यासकाला या काळाची अडचण अशी की त्याचा कागद नाही. बिलावर सुट्या भागांची नावे आणि मजुरी असे. दोष कसा ओळखला हे कोणी लिहीत नसे. एस.टी.च्या आगारांत चालकाने फेरी संपल्यावर गाडीतील दोष लिहून देण्याची पद्धत आहे, तेवढाच काय तो लेखी पुरावा. आणि त्यातही ‘पिकअप नाही’, ‘ब्रेक कमी’ यापलीकडे मजकूर क्वचितच असतो. कै. वि. का. राजवाडे यांनी अस्सल कागदाचा जो आग्रह धरला, त्या कसोटीवर मोटारनिदानाच्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांचा आपल्याकडील इतिहास लिहिणे दुष्कर आहे. गंमत अशी की, कानाची जागा यंत्राने घेतली तेव्हा मिस्त्रीचे महत्त्व घटले, पण कागद मात्र निर्माण होऊ लागला.

हे यंत्र प्रथम कोठे आले? फोक्सवॅगनने १९६८ च्या नमुन्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने पेट्रोल फवारण्याची बॉश कंपनीची पद्धत आणली, आणि १९७१-७२ च्या सुमारास आपल्या गाड्यांना परीक्षणयंत्राशी जोडण्याचे एक सॉकेट बसविण्यास आरंभ केला. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८० पासून आपल्या गाड्यांत अशीच सोय केली; तिच्या नावातच ती कारखान्यातील जुळणीच्या रांगेसाठी आहे असे स्पष्ट म्हटलेले होते. म्हणजे हे सॉकेट मिस्त्रीसाठी नव्हतेच. तरीही मिस्त्र्यांनी त्याचा उपयोग करून घेतला. सॉकेटमधील दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली की डॅशबोर्डवरील दिवा लुकलुकू लागे : एकदा, मग थांबून दोनदा, म्हणजे कोड बारा. इंजिन बंद असताना हा कोड येणे म्हणजे निदानव्यवस्था स्वतः शाबूत असल्याची खूण. त्यानंतरचे लुकलुकणे मोजून दोष कळे. तारेच्या तुकड्याने गणकयंत्राला बोलते करण्याचा हा प्रकार मोठा मनोवेधक आहे. परंतु प्रत्येक कारखान्याची लुकलुकण्याची लिपी निराळी होती, आणि एकाची लिपी शिकलेला मिस्त्री दुसऱ्याच्या गाडीपुढे निरक्षरच ठरे.

ही बहुलिपी मोडली ती कॅलिफोर्नियाने. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेचे मूळ मोटारींच्या धुरात आहे हे ए. जे. हागेन-स्मिट या रसायनज्ञाने १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. १९६७ मध्ये तेथे हवासंसाधन मंडळ स्थापन झाले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. मंडळाच्या लवकरच लक्षात आले की नवी गाडी कारखान्यातून बाहेर पडताना कितीही स्वच्छ असो, तिचा एखादा भाग बिघडला आणि मालकाला ते कळलेच नाही, तर नियम व्यर्थ आहे. तेव्हा गाडीनेच स्वतःचा बिघाड ओळखावा आणि दिवा लावून सांगावा, असा दंडक १९८८ च्या नमुन्यांपासून लागू झाला. त्याची दुसरी आवृत्ती १९९६ च्या नमुन्यांपासून संपूर्ण अमेरिकेत बंधनकारक झाली. हीच ओबीडी-दोन होय. तिच्यात सॉकेट एकाच आकाराचे, सोळा टोकांचे. ते चालकाच्या आसनाजवळ असले पाहिजे. आणि दोषाचे कोड सर्व कारखान्यांना समान. कोडचे पहिले अक्षर गाडीचा विभाग सांगते : ‘पी’ म्हणजे इंजिन व त्याची शक्ती वाहून नेणारी व्यवस्था, ‘बी’ म्हणजे बॉडी, ‘सी’ म्हणजे चासी, ‘यू’ म्हणजे गाडीतील गणकयंत्रांचे परस्परांतील दळणवळण. पुढचा अंक शून्य असेल तर कोड सर्वांना समान, एक असेल तर तो त्या कारखान्याचा खासगी. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचे मिसिंग, पी ०४२० म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली. ज्याला पूर्वी वायरी काढून सूर ऐकावा लागे, ते आता चार अंकांत लिहून येऊ लागले.

युरोपने हीच व्यवस्था पेट्रोल गाड्यांसाठी २००१ पासून स्वीकारली. आपल्याकडे तिला यावयाला आणखी काळ लागला, आणि तो काळ सर्व गावांना सारखा लागला नाही. येथे थोडे थांबणे इष्ट होईल.

भारतात धुराचे पहिले मोजमापी नियम १९८९ ते १९९२ या काळातले. एप्रिल २००० मध्ये देशभर युरो-एकच्या तोडीचे नियम आले आणि पेट्रोल गाड्यांतून कार्बोरेटर झपाट्याने जाऊ लागला. मारुती ८०० सारखी सर्वसामान्यांची गाडीही इलेक्ट्रॉनिक इंधनफवाऱ्यावर आली. पुढची दिशा ठरविण्यासाठी सरकारने २००१ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २००२ मध्ये आला आणि २००३ मध्ये त्यावर आधारलेले वाहन-इंधन धोरण मंजूर झाले. समितीने व्यवहार्य तोडगा म्हणून देशाचे दोन भाग केले : मोठ्या शहरांत कडक नियम आधी, उरलेल्या देशात नंतर. शुद्ध इंधन सर्वत्र एकदम पुरविणे तेलशुद्धीकरण कारखान्यांना शक्य नव्हते, हे त्याचे कारण. आणि ते कारण खरे होते. त्यानुसार भारत स्टेज-चार हे नियम १ एप्रिल २०१० पासून तेरा शहरांत लागू झाले. महाराष्ट्रातील त्यांपैकी तीन : मुंबई, पुणे आणि सोलापूर. पुढे यादीत शहरांची भर पडत गेली. गाडीत निदानव्यवस्था असण्याची सक्ती याच भारत स्टेज-चारबरोबर आली : पहिली पायरी २०१० मध्ये, दुसरी १ एप्रिल २०१३ पासून.

याचा रिसोडच्या दृष्टीने अर्थ काय? मुंबई-पुण्यात विकली जाणारी गाडी कायद्याने स्वतःचा दोष सांगण्यास बांधली गेली, त्यानंतरही सात वर्षे वाशिम जिल्ह्यात नवी नोंदली जाणारी गाडी तशी बांधलेली नव्हती. अनेक मोटारी प्रत्यक्षात सगळीकडे एकाच घडणीच्या विकल्या गेल्या, हे खरे. परंतु मालवाहू गाड्यांच्या बाबतीत स्टेज-तीनची जुनी घडण चालू राहिली, आणि एमएच-३७ या वाशिमच्या क्रमांकाखाली यांत्रिक पंपाची गाडी आणि गणकयंत्राने चालणारी गाडी एकाच वर्षी शेजारी शेजारी नोंदल्या जाऊ शकत होत्या. स्टेज-चार सर्व देशाला लागू झाले १ एप्रिल २०१७ रोजी. त्याच्या तीन दिवस आधी, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने स्टेज-तीनच्या उरलेल्या गाड्या विकण्यास मनाई केली आणि शेवटच्या दोन दिवसांत विक्रेत्यांनी मोठमोठ्या सवलती देऊन त्या काढल्या. त्या सवलतीच्या गाड्या आजही खेड्यापाड्यांतून धावत आहेत. म्हणून येथील मिस्त्रीला कान आणि स्कॅनर ही दोन्ही आयुधे एकाच वेळी बाळगावी लागतात, आणि ही त्याची मागासलेपणाची खूण नसून नियमांच्या भूगोलाने त्याच्यावर टाकलेली दुहेरी जबाबदारी आहे.

सक्तीने सॉकेट आले. पण त्याला जोडण्याचे यंत्र महाग होते. ही अडचण दूर झाली तीही सरळ मार्गाने नव्हे. कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्स या लहानशा कंपनीने २००५ मध्ये ‘एल्म ३२७’ नावाची चिप काढली. गाड्यांत प्रचलित असलेल्या निरनिराळ्या संकेतपद्धती ओळखून त्यांचे साध्या मजकुरात रूपांतर करणे एवढेच तिचे काम. तिच्या पहिल्या आवृत्तीतील आज्ञावलीला नक्कल होऊ नये म्हणून कुलूप घातलेले नव्हते. परिणामी तिच्या नकलांनी जगाची बाजारपेठ भरून गेली, आणि काड्यापेटीएवढी, मोबाइलशी बिनतारी जोडली जाणारी डबी काही शे रुपयांत मिळू लागली. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. नकला अजून विकल्या जातात. त्यांतील पुष्कळ सदोष असतात : काही संकेतपद्धती त्यांना येतच नाहीत आणि त्या ‘गाडीशी संपर्क नाही’ असे सांगून मोकळ्या होतात. तेव्हा कोणत्याही गाडीवर निर्णय देण्यापूर्वी आपली डबी चांगल्या ओळखीच्या गाडीवर तपासून घेणे, हा शहाण्या मिस्त्रीचा पहिला नियम असतो. साधनाची परीक्षा साधनापूर्वी, हे आपल्या विषयातील विद्यार्थ्यांनाही सांगावे लागतेच.

कोडचे वाचन आणि कोडचा अर्थ यांतील अंतर दाखविण्यासाठी एकच उदाहरण घेऊ. पेट्रोल गाडीत पी ०१७१ हा कोड येतो. पडद्यावर अक्षरे उमटतात : ‘सिस्टीम टू लीन’. मराठीत ‘लीन’ म्हणजे नम्र, तल्लीन; हा शब्द पाहून उमेदवार पोराने गाडीच्या नम्रतेचे कौतुक केले तर त्याला दोष देता येणार नाही, कारण निदानाच्या या साऱ्या वाङ्मयात मराठीला अद्याप जागा नाही. अर्थ असा की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, मिश्रण पातळ आहे. पण का? फिल्टरपलीकडची हवेची नळी तडकून हवा आत घुसत असेल. पेट्रोलचा पंप अशक्त झाला असेल. पेट्रोलचा फिल्टर तुंबला असेल. किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरवर आमच्या भागातील सोयाबीनच्या हंगामातली धूळ बसली असेल. कोड या चारही दोषांत एकच येतो. अर्धशिक्षित मनुष्य कोड पाहताच ऑक्सिजन सेन्सर बदलतो, कारण तक्रार त्या सेन्सरने केलेली असते. आणि मालकाचे काही हजार रुपये जाऊन दिवा पुन्हा लागतो. तक्रार करणारालाच अपराधी ठरविण्याचा हा न्याय आहे.

जाणता मिस्त्री पुढचा प्रश्न विचारतो. गणकयंत्र मिश्रण सुधारण्यासाठी किती टक्के जादा पेट्रोल देत आहे, हा आकडा स्कॅनरवर चालत्या गाडीत दिसतो. इंजिन मंद चालू असताना हा आकडा मोठा आणि रेस वाढविल्यावर सामान्य होत असेल, तर बाहेरून हवा घुसत आहे. कारण मंद गतीत ती चोरटी हवा एकूण हवेच्या मानाने जास्त भरते. उलट रेस वाढविल्यावर आकडा चढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतो आहे. ही विचारसरणी आणि वायरी काढून सूर ऐकण्याची जुनी विचारसरणी यांत जातीचा फरक नाही. स्थिती बदलावयाची आणि उत्तर कसे बदलते ते पाहावयाचे. कानाने जे केले तेच आता आकड्यांवर करावयाचे असते, आणि म्हणूनच जुने चांगले मिस्त्री, अक्षरओळख बेताची असली तरी, नव्या यंत्रावर अनेकदा नव्या पोरांपेक्षा सरस ठरतात.

कोडबरोबर गाडी आणखी एक नोंद ठेवते. दोष प्रथम आढळला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, पाण्याचे तापमान किती, गाडीचा वेग किती, हे सर्व ती एका चौकटीत गोठवून ठेवते. इतिहासाच्या भाषेत हा समकालीन दस्तऐवज होय. आणि कोड ‘क्लियर’ करताच तोही नष्ट होतो. दिवा विझविण्याच्या घाईत पुष्कळ गॅरेजांत हेच प्रथम केले जाते; मग दोष अधूनमधून येणारा असेल तर त्याचा मागच लागत नाही. पुसण्याचीही खूण मात्र राहते. गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या घेत असते त्या पुसल्यानंतर ‘अपूर्ण’ दिसू लागतात आणि काही दिवस गाडी चालल्यावरच पुन्हा पूर्ण होतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने दिवा विझलेला पाहून समाधान मानू नये. सर्व चाचण्या अपूर्ण असतील तर कोणीतरी नुकतेच पान खरवडले आहे असे समजावे.

गाडी जे सांगते ते खरेच असते काय? २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या पर्यावरणसंरक्षण संस्थेने फोक्सवॅगनवर नोटीस बजावली, तेव्हा या प्रश्नाला जे उत्तर मिळाले ते कायमचे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या कंपनीच्या डिझेल गाड्यांतील आज्ञावली आपली परीक्षा चालू आहे हे ओळखी आणि तेवढ्यापुरता धूर शुद्ध ठेवी. रस्त्यावर मात्र नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण अनेक पटींनी वाढे. दिवा लागत नसे, कोड येत नसे. दोष उघडकीस आला तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी गाडीत मोजणीयंत्र ठेवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालविली म्हणून. आपल्याकडे हे काम पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने केले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या रस्त्यावरील चाचण्यांत त्या गाड्यांचा धूर मर्यादेपेक्षा अधिक आढळला आणि डिसेंबर २०१५ मध्ये भारतातील ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. येथे साक्षीदाराला पढविणारा तोच होता ज्याने साक्षीदार घडविला. बाह्य पुराव्याशी ताडून पाहिल्याखेरीज अंतर्गत साक्ष ग्राह्य धरू नये, हा आपल्या शास्त्राचा पहिला धडा एवढ्या स्पष्ट रूपात अन्यत्र क्वचितच सापडेल.

आता नियमाच्या मर्यादेकडे वळू. समान सॉकेट आणि समान कोड हे धुराच्या नियमांतून आले, म्हणून ते धुराशी संबंधित भागांपुरतेच समान राहिले. ब्रेकचे गणकयंत्र, एअरबॅग, चोरीप्रतिबंधक किल्ली, स्टिअरिंगची विद्युत्‌व्यवस्था, यांची भाषा प्रत्येक कारखान्याने स्वतःपाशी ठेवली. सोळा टोकांपैकी काहींचा वापर मुळातच कारखान्याच्या मर्जीवर सोडलेला आहे. शिवाय वाचणे वेगळे आणि आज्ञा देणे वेगळे. नवा भाग बसविल्यावर गाडीच्या गणकयंत्राला त्याची ओळख करून द्यावी लागते, आणि ती आज्ञा घेण्यापूर्वी गणकयंत्र एक आकडा पुढे करते; त्याचे योग्य उत्तर ज्याला काढता येईल त्यालाच दार उघडते. उत्तराचा हिशेब कंपनीच्या आज्ञावलीत असतो, आणि ती आज्ञावली अद्ययावत ठेवावयाची तर दरवर्षी शुल्क भरावे लागते. शुल्क थकले की यंत्र हातात असते, पण पुढच्या वर्षीची गाडी त्याला ओळखू येत नाही. पद्मिनीच्या मिस्त्रीची विद्या तीस वर्षे टिकली. याची वर्षभरात संपते.

कारखानदारांची बाजूही निराधार नाही, हे मान्य केले पाहिजे. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी धावत्या जीप चेरोकीचा ताबा दूर बसून इंटरनेटवरून घेऊन दाखविला, आणि चौदा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर त्या कंपनीने २०१८ च्या नमुन्यांपासून निदानाच्या सॉकेटमागे एक पहारेकरी बसविला. नोंदणी केलेल्या यंत्राखेरीज कोणालाही तो कोड पुसू देत नाही. चोर आणि मिस्त्री यांना एकाच दाराने यावे लागते, ही खरी अडचण आहे. पण या अडचणीचा भार सगळा मिस्त्रीवरच का पडावा, याचे उत्तर सुरक्षिततेच्या युक्तिवादात नाही.

अन्यत्र हा प्रश्न कायद्याने सोडविण्याचे प्रयत्न झाले. युरोपीय संघाने २००७ च्या नियमावलीतच स्वतंत्र दुरुस्तीकारांना माहिती देणे बंधनकारक केले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा संमत केला. भारतात विषय आला तो स्पर्धा आयोगापुढे. २०११ मध्ये दाखल झालेल्या एका ग्राहकाच्या तक्रारीवरून आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटारकंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना नाकारणे ही स्पर्धेची गळचेपी आहे, असा निष्कर्ष आयोगाने काढला. आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून गॅरंटी रद्द करू नये, असेही बजावले. दंडाविरुद्ध अपिले झाली, त्यांचा इतिहास येथे देण्याचे कारण नाही. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासंबंधी एक संकेतस्थळ सुरू केले. मोटारी हा त्यातील चार क्षेत्रांपैकी एक. माहिती देण्याचे हे आवाहन आहे. सक्ती नव्हे.

१ एप्रिल २०२० पासून स्टेज-पाच वगळून आलेल्या भारत स्टेज-सहाने हा प्रश्न रिसोडच्या दाराशी आणून उभा केला. या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारा फिल्टर असतो. गाडी बराच वेळ एकसारख्या वेगाने चालली की गणकयंत्र थोडे जादा डिझेल सोडून फिल्टर सुमारे सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापविते आणि साठलेली काजळी जाळून टाकते. जी गाडी रोज गावातून शेतात आणि शेतातून बाजारात एवढीच फिरते, तिला ही संधी मिळत नाही. काजळी साठते, दिवा लागतो, तरी दुर्लक्ष झाले तर गणकयंत्र इंजिनाची शक्ती कमी करते. मिस्त्री आपली डबी जोडतो आणि पी २४६३ वाचतो : फिल्टर काजळीने भरला आहे. येथवर नियमाने त्याला हक्क दिला आहे. आता उभ्या गाडीत फिल्टर जाळून साफ करण्याची आज्ञा द्यावयाची असते, आणि ती आज्ञा कारखान्याच्या खासगी भाषेत आहे. ज्याच्याजवळ त्या कंपनीची किंवा तिची नक्कल करणारी चालू आज्ञावली आहे, त्याचे काम अर्ध्या तासाचे. ज्याच्याजवळ नाही त्याने मालकाला सांगावयाचे की गाडी वाशिमला किंवा अकोल्याला न्या. दोष ठाऊक, उपाय ठाऊक, हातही तयार; अडते ते परवानगीपाशी. काही ठिकाणी यावर फिल्टरच कापून टाकण्याचा ‘उपाय’ केला जातो. तो बेकायदा आहे आणि हवेला घातक आहे. परंतु हवेसाठी केलेल्या नियमाचा असा शेवट व्हावा, याला केवळ मिस्त्री जबाबदार धरता येणार नाही.

चांगला मिस्त्री अशा वेळी आणखी एक गोष्ट करतो. फिल्टर भरल्याचे गणकयंत्राला कळते ते फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवरून, आणि त्या सेन्सरकडे जाणाऱ्या नळ्या तडकतात वा तुंबतात. त्या हाताने चाचपून पाहण्यास कोणाची परवानगी लागत नाही. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदरांनी कुरतडलेली वायर, किंवा उतरलेल्या बॅटरीमुळे एकदम आलेले सात-आठ कोड, हीही त्याच वर्गातील उदाहरणे.

आरंभी म्हटले की कानाच्या काळाचा कागद नाही. आजच्या काळाचा आहे, पण तो कोणी जपत नाही. न उलगडणारा दोष आला की गॅरेजमधील मनुष्य स्कॅनरच्या पडद्याचे छायाचित्र मोबाइलवर काढतो आणि अकोल्याच्या किंवा पुण्याच्या जाणकाराला पाठवितो. उत्तर आवाजी संदेशाने, बहुधा वऱ्हाडी बोलीत, काही वेळा हिंदीत येते. उस्ताद-शागिर्दीची जुनी परंपरा या संदेशांतून चालू आहे, आणि इंग्रजी कोडला लोकांनी दिलेली मराठी नावेही त्यांतच सापडतील. रिसोड, वाशिम, मेहकर या पट्ट्यातील गॅरेजांतून असे संदेश त्यांच्या संमतीने मिळवून ते तारीखवार लावून ठेवण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एखाद्या गटाला एका हंगामात करता येण्याजोगे आहे. फोन बदलताच हे साहित्य नाहीसे होते, म्हणून ते लवकर करावे लागेल. छायाचित्रांत गाडीचा सतरा अक्षरांकी ओळखक्रमांक दिसतो. तो झाकूनच ती संग्रहात घ्यावीत.